सिंधूमावशींची फट

चौथ्या खेपेलाही सिंधूमावशी खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "लागतंय."

"कुठे लागतंय?"

त्यांनी गालावरून बोट फिरवलं. मागच्या आठवड्यात उजवीकडे लागत होतं. त्याच्या आधी डावीकडे. आज बोट सगळीकडे फिरलं आणि हनुवटीवर येऊन थांबलं.

मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे. म्हणजे पडलेल्या दातांच्या जागी कृत्रिम दात बसवणारी डॉक्टर. नाशिकच्या इंदिरानगरमध्ये माझं क्लिनिक आहे. आसपासचे लोक मला सरळ 'कवळीवाल्या मॅडम' म्हणतात, आणि त्यात चूक काही नाही. कवळी लागते ही माझ्याकडची रोजची तक्रार. तिचा उपायही ठरलेला आहे. कवळीच्या आतल्या बाजूला पांढरी पेस्ट लावायची, ती तोंडात बसवून दाबायची. जिथे कवळी हिरडीला जास्त दाबते तिथली पेस्ट पुसली जाते आणि खालचा गुलाबी रंग दिसतो. तेवढीच जागा मशीनने घासायची. पेशंट खूश.

मावशींच्या कवळीला पेस्ट लावून मी तीनदा बघितलं. पेस्ट कुठेच पुसली गेली नव्हती. हिरडीवर फोड नाही, लाली नाही. उलट मला भलतंच दिसलं. रोज कवळी घालणाऱ्याच्या हिरडीवर तिच्या कडेचा पुसट ठसा राहतो. मावशींच्या हिरडीवर तो नव्हता.

"मावशी, तुम्ही कवळी घालत नाही ना?"

"घालते की. संजू आला की घालते."

संजू म्हणजे त्यांचा मुलगा संजय. अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर, राहायला पाथर्डी फाट्याला. आधीच्या तिन्ही वेळा तोच आईला गाडीतून घेऊन आला होता. आज त्याची शिफ्ट होती म्हणून मावशी चांदवडहून एकट्याच एसटीने आल्या होत्या. चांदवडजवळच्या एका गावात त्या आणि त्यांचे यजमान राहतात. मावशी तिथे अंगणवाडी सेविका होत्या, आता रिटायर झाल्यात.

"मग बाकीच्या वेळी जेवता कशा?"

"भातात वरण कालवते. भाकरी दुधात भिजवते."

"कधीपासून?"

"दात काढले तवापासून."

म्हणजे सहा महिने. मी त्यांच्याकडे नीट बघितलं. ब्लाउजच्या बाह्या दंडावर सैल झाल्या होत्या. त्यांना शुगर होती. दिवसभर मऊ भात खाऊन ती कुठे गेली असेल, हे विचारायचीही गरज नव्हती.

"दुखतं म्हणून घालत नाही का?"

पदर तोंडाशी नेत त्या म्हणाल्या, "दुखत नाय. खोटं बोलले मी. तुम्ही एवढं मन लावून घासत बसता, माझी मलाच लाज वाटती."

"मग झालंय काय?"

"हे माझे नाहीत."

"मावशी, कवळी आहे ती. सुरुवातीला..."

"ते कळतं मला, मॅडम. कवळी कोणाची आपली असती? पण आरशात बघितलं की दुसरीच बाई दिसती. आमचे हे म्हणाले, तू हसली की घरात पाहुणी आल्यासारखं वाटतं. थट्टा केली त्यांनी. पण मला तर तेच वाटत होतं."

मला राग आला, खरं सांगते. तो सेट मी जीव ओतून केला होता. दात मोत्यासारखे एका ओळीत. रंग उजळ. हसल्यावर वरच्या ओठाखाली जेवढे दिसायला हवेत तेवढेच दिसणारे. पुस्तकात छापावा असा. आणि मावशी तो पिशवीत घालून हिंडत होत्या.

राग गिळून मी विचारलं, "तुमचे दात कसे होते?"

हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. मावशींचे दात पायरियाने हलायला लागले होते आणि ते दुसरीकडे काढून झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या होत्या. मी बघितलं ते मोकळं तोंड. कसे दात हवेत, हे संजयने सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं. मावशी तेव्हा शेजारीच बसल्या होत्या.

"मधे फट होती," मावशी म्हणाल्या. पदर खाली आला होता. "आणि डावीकडचा एक तिरका, पुढच्यावर चढलेला. अंगणवाडीतली पोरं माझी नक्कल करायची. बाई शिट्टी मारत बोलतात म्हणायची."

"तसे हवेत?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी चेष्टा करतेय. "तसे करता येत्यात?"

"येतील. मी करून देते."

बोलून तर बसले, पण कसे करायचे ते मलाही ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट बरी होती. कवळीचा हिरडीवर बसणारा भाग, ज्याला आम्ही बेस म्हणतो, तो चांगला बसत होता. सगळी कवळी नव्याने करायची गरज नव्हती. वरच्या कवळीतले पुढचे सहा दात काढायचे, त्या जागी मेण लावून नवे दात हवे तसे उभे करायचे, तोंडात घालून बघायचे, आणि पसंत पडले की मेणाच्या जागी गुलाबी प्लॅस्टिक शिजवून पक्कं करायचं. हे शिजवण्याचं काम लॅबमध्ये होतं. माझी लॅब म्हणजे वडाळा नाक्याजवळचे रफीकभाई. पंधरा वर्षं माझ्या सगळ्या कवळ्या त्यांच्या हातून जातात.

मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"मॅडम, पूरी जिंदगी लोकांच्या फटी बुजवण्यात गेली. आता फट पाडायची?"

"पाडायची."

"लोक म्हणतील रफीकचा हात बिघडला."

"लोकांना तुमचं नाव कुठे माहीत आहे?"

"ते पण खरं आहे," ते म्हणाले. मग गंभीर झाले. "एक ऐका. बनलेला बेस परत गरम केला तर वाकू शकतो. वाकला तर समजा सगळं पहिल्यापासून. आणि पेशंट तोवर बिनादाताची."

"वाकू देऊ नका."

"मला नमुना द्या. फट फट म्हणजे कशी फट? मनाने नाही बनवणार मी."

नमुना. तिथेच घोडं अडलं. मी मावशींना जुने फोटो पाठवायला सांगितले. त्यांनी शेजारच्या मुलीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा फोटो पाठवले. लग्नातला, संजयच्या बारशाचा, अंगणवाडीतल्या निरोप समारंभाचा. एकाही फोटोत दात दिसत नव्हते. सगळीकडे ओठ घट्ट मिटलेले. एका फोटोत त्या खरंच हसत होत्या, पण तोंडावर हात होता.

मी संजयला फोन केला. त्याला सांगणं भाग होतंच.

"मॅडम, तुम्ही आईचं ऐकू नका," तो म्हणाला. "तिला सवय नाहीये. होईल हळूहळू."

"तिला तिचे दात हवेत."

"ते दात?" त्याचा आवाज चढला. "मॅडम, तुम्ही फोटो बघितले ना? आई आयुष्यभर तोंडावर हात ठेवून हसली. माझेही दात तसेच होते. शाळेत मला काय काय म्हणायचे ते मलाच ठाऊक. नोकरी लागल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर तारा लावून ते सरळ करून घेतले. आईने आता तरी मोकळं हसावं म्हणून मी हे सगळं केलं. आणि तुम्ही तिला परत तेच देणार?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतंच. मी फक्त एवढंच म्हटलं, "संजय, त्या जेवत नाहीयेत."

"म्हणजे?"

"तुम्ही घरी असलात की कवळी घालतात. तुम्ही गेलात की काढतात. सहा महिने भात आणि भिजवलेली भाकरी चालू आहे."

पलीकडे कंपनीतल्या मशीनचा आवाज तेवढा येत राहिला.

"मला नाही बोलली ती," तो शेवटी म्हणाला.

"तुमच्या तारा लावण्याआधी दातांचे प्लास्टरचे साचे घेतले असतील. ते आहेत का?"

"ते कधीच टाकून दिले." मग थोड्या वेळाने, "करा तुम्हाला काय करायचं ते. पण पक्कं करण्याआधी मी बघणार. मला नाही पटलं तर मी नको म्हणणार."

"चालेल," मी म्हटलं.

वाट सापडली ती मावशींच्याच बोलण्यातून. फोटोंचं काही जमत नाही असं सांगायला मी फोन केला, तर त्या म्हणाल्या, "मंदीचे हायत ना तसेच. माझी धाकटी बहीण. येवल्याला असती."

"त्यांना नाशिकला पाठवता येईल?"

"ती कुठली येती? मागावर पैठणी चढलीय. ती उतरल्याबिगर मंदी उठायची नाय. दोन महिने तरी गेले."

दोन महिने आणखी भात. मी म्हटलं, "रविवारी मी येते. तुम्ही चांदवडला हायवेवर उभ्या राहा."

माझ्या नवऱ्याने मला विचारलं, एका कवळीसाठी येवल्याला कोण जातं? मी म्हटलं, कवळीवाली जाते.

डिकीत सामान घेतलं. माप घ्यायचे स्टीलचे ट्रे, अल्जिनेट पावडर, रबरी वाटी, प्लास्टर. अल्जिनेट पाण्यात कालवलं की लापशीसारखं होतं, आणि दोन-तीन मिनिटांत रबरासारखं घट्ट बसतं. त्यात दातांचा ठसा उमटतो. पण तो ठसा तसाच ठेवला तर आकसतो. त्यामुळे लगेच, तिथल्या तिथे, त्यात प्लास्टर ओतावं लागतं. म्हणजे माझं लॅबचं काम त्या दिवशी मंदाताईंच्या स्वयंपाकघरात होणार होतं.

मंदाताई मागावर बसल्या होत्या. खोलीभर तो माग, आणि त्यावर जांभळ्या रंगाची अर्धी विणलेली पैठणी. आम्हाला बघून त्या उठल्या, हसल्या, आणि हसता हसता हात तोंडावर गेला.

"माझ्या दातांचं माप? कशाला?"

"माझ्यासाठी," मावशी म्हणाल्या.

"आक्का, तुला एवढे चांगले बसवून दिलेत, तर तू हे काय काढलंस? मी तर ह्या मॅडमना विचारणार होते, माझे सरळ होतील का म्हणून!"

"मॅडमना नंतर विचार. आधी तोंड उघड."

मंदाताईंना ट्रे तोंडात गेल्याबरोबर उमासा आला. पुष्कळांना येतो. त्याला आमच्याकडे एक साधी युक्ती आहे. मी म्हटलं, "उजवा पाय उचला आणि वरच धरून ठेवा. नाकाने श्वास घ्या. पाय खाली येऊ द्यायचा नाही." माणसाचं लक्ष पायाकडे गेलं की घसा शांत होतो. मंदाताई खुर्चीत बसून पाय अधांतरी धरून होत्या आणि मावशी शेजारी उभ्या राहून "वर, अजून वर" म्हणत होत्या. दोन मिनिटांत ठसा निघाला. मी तसाच तो ओट्यावर नेऊन प्लास्टर ओतलं.

प्लास्टर घट्ट व्हायला पाऊण तास लागतो. तेवढ्यात पोहे झाले, चहा झाला आणि बहिणींचं भांडण झालं.

"तिचा तिरका दात उजवीकडे हाय मॅडम," मावशी म्हणाल्या. "माझा डावीकडे होता. ते उलट करा."

"नाय, तुझाही उजवाच होता," मंदाताई म्हणाल्या.

"माझ्या तोंडातलं तू मला सांगती का?"

"साठ वर्षं समोरून मी बघितलंय. तू कुठं बघितलंस?"

"अगं, समोरून तुला डावा तो उजवाच दिसणार!"

मंदाताईंनी समोरच्या माणसाचा डावा हात कुठला, हे हवेत बोट फिरवून करून बघितलं आणि पोह्यांची बशी पुढे ओढली.

मी साचा ठशातून सोडवला. पांढरे, ओले, थोडे गरम दात. मधे फट, एक दात वळलेला. मंदाताईंनी तो हातात घेतला. आपलेच दात असे बाहेरून, हातात धरून, त्यांनी कधी बघितले नव्हते. त्यांनी फटीवरून अंगठा फिरवला.

"आईचे वाटतात," मावशी म्हणाल्या.

मंदाताई बराच वेळ साचा फिरवून फिरवून बघत राहिल्या. मग माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "एवढे काय वाईट नाहीत." आम्ही निघेपर्यंत त्यांनी दात सरळ करायचा विषय काढला नाही.

साचा आणि मावशींची वरची कवळी मी रफीकभाईंना दिली. तिरका दात डावीकडे, हे तीनदा सांगितलं. दातांचा रंगही बदलून घेतला. आधी मी सगळ्यात उजळ निवडला होता. आता पिवळसर झाक असलेला, चहा पिणाऱ्या माणसाचा.

आठवड्याने मेणावरचे दात तयार होऊन आले. मी ते मावशींच्या तोंडात बसवले आणि आरसा हातात दिला. त्यांनी बघितलं. पुन्हा बघितलं.

"फट हाय," त्या म्हणाल्या. "पण माझी नाय."

मलाही ते दिसत होतं. रफीकभाईंनी फट बरोबर मधोमध काढली होती. दोन्हीकडचे दात सारखे, अंतर वरपासून खालपर्यंत सारखं. जणू पट्टी ठेवून रेघ मारली होती. सरळ दातांची सवय असलेल्या हाताने वाकडेपणासुद्धा सरळ केला होता. खऱ्या तोंडात असं नसतं. एक दात किंचित लांब असतो, एक किंचित वळलेला, फट वर अरुंद आणि खाली रुंद. मंदाताईंच्या साच्यातही ते होतं, पण ते मंदाताईंचं होतं. मावशींचं नेमकं कसं होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी रफीकभाईंना फोन केला. "मेण, दिवा, चाकू घेऊन क्लिनिकला या. आपण पेशंटसमोर बसून करू."

"मॅडम, मी कधी पेशंटसमोर काम नाही केलं."

"आज करा."

दुपारी ते आले. स्पिरिटचा दिवा पेटवला. मेण मऊ करायचं, दात अर्ध्या मिलिमीटरने हलवायचा, थंड पाण्यात बुडवायचं, मावशींच्या तोंडात घालायचं. मावशींनी आधी आरसा मागितला. मग तो बाजूला ठेवला आणि डोळे मिटले. आत जीभ फिरताना गालावरून दिसत होती.

"डावा आणखी आत घ्या," त्या म्हणाल्या.

रफीकभाईंनी घेतला.

"एवढा नाय. जरासा बाहेर. आता फटीशेजारचा वळवा. असा." त्यांनी दोन बोटांनी हवेत दाखवलं.

त्यांच्या जिभेला सगळं माहीत होतं. साठ वर्षं ती त्या दातांमागे राहिली होती. आम्ही फोटोत आणि येवल्यात शोधत हिंडलो, आणि नमुना पहिल्यापासून माझ्या खुर्चीत बसलेला होता. मी पंचवीस वर्षं हे काम करतेय. पेशंटच्या जिभेला विचारायचं, हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं.

दीड तास गेला. रफीकभाईंना आता चेव आला होता. त्यांनी स्वतःहून विचारलं, "आपा, एखादा दात तुटलेला वगैरे होता का? कोपरा उडालेला? तो पण करून देतो."

"होता," मावशी म्हणाल्या. "ऊस खाताना उडाला होता. तो नको. लय दुखलं होतं तवा."

शेवटची परीक्षा बोलण्याची. कवळीचे पुढचे दात नीट बसलेत का हे बघायला आम्ही पेशंटला 'स' असलेले शब्द बोलायला लावतो. मी सगळ्यांना एकसष्टपासून सत्तरपर्यंत मोजायला सांगते.

"एकसष्ट," मावशी म्हणाल्या.

बारीकशी शिट्टी वाजली. फटीतून हवा निसटते तशी. पुस्तकाप्रमाणे हा दोष आहे. असा 'स' आला की दात पुन्हा बसवायचे असतात. माझा हात सवयीने पुढे गेला. पण मावशींनी माझं मनगट धरलं आणि पुढे मोजत राहिल्या. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. प्रत्येक आकड्याला शिट्टी. सदुसष्टला त्यांना हसू आवरेना.

"आता मी बोलतीय," त्या म्हणाल्या.

रफीकभाई दिवा विझवायच्या निमित्ताने पाठमोरे झाले.

संध्याकाळी शिफ्ट संपवून संजय आला. मी त्याला शब्द दिला होता. मेणावरचे दात मावशींच्या तोंडातच होते. तो समोरच्या स्टुलावर बसला आणि आईकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पडला.

"आई, हे..." तो थांबला. "पुढच्या महिन्यात काकांच्या सुनीलचं लग्न आहे. सगळे येतील. परत तेच बोलतील."

"बोलू दे."

"तू परत तोंडावर हात ठेवशील."

"ठेवीन. माझा हात हाय." मावशी खुर्चीत ताठ बसल्या. "संजू, तू तारा लावल्या तेव्हा मी तुला काही बोलले का? तुला नको होते, तू बदलले. तुझं तोंड, तुझी मर्जी. हे माझं हाय. मला ह्यात काही कमी वाटत नाय. मी ह्या तोंडानं जेवले, पोरांना शिकवलं, तुझ्या बापाशी भांडले. मला तेच पायजे."

संजय उठला, दाराशी जाऊन उभा राहिला. मला वाटलं निघून जातोय. मग तो वळला आणि म्हणाला, "मॅडम, पुढचं करा." त्याला पटलं होतं असं मी म्हणणार नाही. त्याने आईचं ऐकलं, एवढंच.

राहिला बेस. रफीकभाईंनी काम घेऊन जाताना मला बजावलं, "मला फोन करू नका. मी करेन." दुसऱ्या दिवशी सबंध दिवस फोन आला नाही. मावशी तोवर वरच्या दातांशिवाय संजयकडे थांबल्या होत्या. बेस वाकला असता तर आणखी महिनाभर तशाच. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"नाही वाकला, मॅडम. रात्रभर थंड होऊ दिला. हातसुद्धा नाही लावला."

कवळी बसवली तेव्हा मागच्या बाजूला किंचित डुगडुगत होती. पेस्ट लावली, आणि या वेळी मात्र एका जागी गुलाबी रंग स्पष्ट दिसला. तेवढं घासलं. डुगडुग थांबली. चावून बघायला मी बिस्किट पुढे केलं. मावशींनी ते बाजूला सारून पिशवीतून फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. दोन्ही बाजूंनी सारखं चावायचं, पुढच्या दातांनी तोडायचं नाही, असं मी शिकवलं होतं तशा त्या खात राहिल्या. पंधरा मिनिटं लागली. बाहेर दोन पेशंट ताटकळत होते. मी त्यांना आत बोलावलं नाही.

तीन महिन्यांनी मावशी तपासणीला आल्या. वजन वाढलं होतं. शुगरचा रिपोर्ट त्यांनी न मागता दाखवला, तो सुधारला होता. तक्रार एकच होती. फटीत तीळ अडकतात. मी म्हटलं, अडकणारच. "पहिले पण अडकायचे," त्या म्हणाल्या, आणि ब्रश कसा फिरवायचा ते माझ्याकडून पुन्हा शिकून घेतलं. संजयचं मत अजूनही बदललेलं नाही. सरळ दातच चांगले दिसले असते, असं तो मला दर खेपेला सांगतो, आणि दर खेपेला आईला वेळेवर घेऊन येतो.

माझ्या केसपेपरवर आता एक ओळ जास्त आहे. 'तुमचे दात कसे होते?' बहुतेक लोक उत्तर देतात, 'वाकडे होते, आता सरळ करा.' मी सरळ करते. त्यात काही गैर नाही. पण वर्षातून दोन-तीन जण थोडा विचार करतात, जीभ फिरवतात आणि मग सांगायला लागतात. त्यांच्यासाठी मी रफीकभाईंना दिव्यासकट बोलावते.

मध्यंतरी तरुण डेंटिस्ट मुलामुलींसमोर मी ही केस दाखवली. एका मुलीने हात वर केला. "मॅडम, दात वाकडे, मधे गॅप, 'स' क्लिअर नाही. टेक्निकली ही केस फेल नाही का?"

"टेक्निकली पहिली कवळी पास होती," मी म्हटलं. "ती पिशवीत राहायची. ही तोंडात असते."

तिने ते वहीत लिहून घेतलं. मी पुढच्या स्लाइडवर गेले.